लोकांचे कागद, माझा संगणक



मराठीत हेरगिरीच्या शब्दांना तोटा नाही. हेर आहे, गुप्तहेर आहे आणि जुन्या मराठी पत्रव्यवहारात पावलोपावली भेटणारा जासूद आहे. हा जासूद म्हणजे मूळचा अरबी ‘जासूस’. मराठीत आला आणि पत्रे पोचवणारा साधा निरोप्या होऊन गेला. भाषेने त्याची नांगीच मोडली म्हणायची. संगणकात शिरून बसणाऱ्या हेराला मात्र आपण ‘स्पायवेअर’ हेच नाव ठेवले आहे. २०००च्या सुमारास हा शब्द आजच्या अर्थाने रुळला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टीव्ह गिब्सन या प्रोग्रॅमरने असा हेर हुडकून काढणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता.

आमच्या घरच्या संगणकात असा एक निघाला. मी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या कविता युनिकोडमध्ये बदलत होतो. त्यासाठी फुकट मिळणारा एक कन्व्हर्टर घरात आला होता, त्याच्या पाठीवर बसून हाही आला. कळफलकावर आपण जे जे टाइप करू ते टिपून ठेवायचे आणि इंटरनेट सुरू झाले की गुपचूप बाहेर पाठवायचे, एवढेच त्याचे काम. मित्र हसले. म्हणाले, तुमच्या कविता चोरून कुणाचे भले होणार? ते खरेच आहे. आमच्या कविता छापील पुस्तकातसुद्धा कोणी चोरत नाही.

पण त्या संगणकात कविता थोड्या होत्या, लोकांचे कागद जास्त होते. यवतमाळ जिल्ह्यात ज्याच्या घरी संगणक असतो, तो गल्लीचा कारकूनच असतो. २०१७ साली कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे ठरले, तेव्हापासून लोक यायला लागले. मग पीक विमा, मग शेतकरी सन्मानाचे वर्षाला ६००० रुपये, मग पोरापोरींच्या शिष्यवृत्त्या. कोणाचे आधार कार्ड, कोणाचे बँकेचे पासबुक, कोणाचा सातबारा. स्कॅन करून झाले की लोकच म्हणत, “राहू द्या तुमच्याजवळच, पुढच्या खेपेला कामी येईल.” संगणक माझा, पण आतला ऐवज दुसऱ्यांचा.

म्हणून हेर सापडल्यावर पहिला प्रश्न यंत्राचा नव्हता. ज्यांचे कागद होते त्यांना सांगणे आले. शेजारच्या मावशींना सांगितले तर त्या म्हणाल्या, “कागद तं माह्या पेटीतच हाय नं जी भाऊ. मंग चोरलं काय त्यानं?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. शेवटी म्हणालो, “मावशी, किल्ली तुमच्या कनवटीलाच आहे, पण कोणी तिचा साबणावर ठसा घेतला तर?” तेव्हा त्यांना पटले. चोरी झाली तरी वस्तू जागेवरच राहते, हीच या चोरीतली गोम आहे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण फसगत इथेच जास्त होते. ‘स्पायवेअर सापडले’ अशी सूचना दोन प्रकारची असते. एक आपण स्वतः बसवलेल्या अँटिव्हायरसची. दुसरी एखादी वेबसाइट बघताना अचानक पडदा व्यापणारी, भोंगा वाजवणारी आणि ‘या नंबरवर ताबडतोब फोन करा’ म्हणणारी. ही दुसरी हमखास खोटी. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांत फोन नंबर देत नाही. त्या नंबरवरचा गोड बोलणारा माणूस दुरुस्तीच्या नावाखाली आपल्याच हातून खरा हेर घरात घेतो, वर पैसेही मागतो. ब्राउझर बंद करायचा. बंद होत नसेल तर संगणकच बंद करायचा. फोन करायचा नाही.

कुराणात ‘हुजुरात’ नावाची सूरह आहे. हुजुरात म्हणजे खोल्या, घरातली खासगी दालने. एकमेकांच्या गोष्टी चोरून हुडकत फिरू नका ही ताकीद त्याच सूरहमध्ये आहे आणि तिथे वापरलेले क्रियापद जासूसच्याच कुळातले आहे. खोल्या आणि हेरगिरी एकाच ठिकाणी यावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण मावशींच्या पेटीतला कागद त्या निकालापर्यंत कसा पोचणार, हे कोणी सांगत नाही.

बरे, हेर फक्त नेतोच असे नाही. ठेवूनही जाऊ शकतो. आपल्या शेजारच्या नागपूरचे उदाहरण घ्या. भीमा कोरेगाव प्रकरणात वकील सुरेंद्र गडलिंग यांना जून २०१८मध्ये अटक झाली. त्यांच्या संगणकाच्या हार्ड डिस्कची प्रत बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासली. जुलै २०२१मध्ये पुढे आलेल्या तिच्या अहवालात म्हटले होते, की ‘नेटवायर’ नावाचा प्रोग्रॅम ई-मेलमधून त्या संगणकात शिरला, वीस महिन्यांहून अधिक काळ राहिला आणि त्याच्या आधारे आक्षेपार्ह पत्रे बाहेरून आणून ठेवली गेली. तपास यंत्रणेला असे निष्कर्ष मान्य नाहीत. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम, माझे नाही. माझे लक्ष गेले ते दोन गोष्टींकडे. वकिलाच्या संगणकात त्याच्या अशिलांचे कागद असतात, म्हणजे तिथेही ऐवज दुसऱ्यांचाच. आणि ते नेटवायर वर्षानुवर्षे इंटरनेटवर उघड विकले जात होते. मार्च २०२३मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याची वेबसाइट ताब्यात घेतली, तोपर्यंत.

आता उपाय. तो कवीने सांगावा हे जरा विचित्र आहे, पण अनुभवाचे आहे म्हणून सांगतो. आधी इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा, म्हणजे हेराचा रस्ता तुटतो. त्या संगणकावरून बँकेचे, ई-मेलचे काहीही उघडू नका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. लोक घाबरून त्याच संगणकावर नवे पासवर्ड टाकतात आणि हेराला नवी किल्ली देतात. मग पूर्ण स्कॅन करा. विंडोजमध्ये डिफेंडरचे ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे, ते विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करते. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची मोफत साधने आहेत. शंका राहिलीच तर कामाच्या फाइल्स बाजूला काढून विंडोज नव्याने टाका. आणि ज्यांचा संगणक अजून विंडोज १०वर आहे त्यांनी लक्षात ठेवावे, त्याच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या.

अँटिव्हायरस विकत घेताना पैसे जड वाटतात. एक गंमत सांगतो. आपल्याकडे घरोघरी दिसणारे क्विक हील पुण्यात तयार झाले. त्याचे एक संस्थापक कैलास काटकर शाळेपुढे शिकले नाहीत, कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे बंधू संजय यांनी पहिला प्रोग्रॅम लिहिला.

पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर वेळ न घालवता कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याची सोय आधारच्या वेबसाइटवर मोफत आहे. आमच्या गल्लीत आम्ही ते एकेकाचे करत गेलो. पण कुलूप लावायला ओटीपी हवा, आणि मावशींच्या आधारला नंबर जोडलेला आहे पुण्यात कामाला गेलेल्या मुलाचा. त्याला फोन लावून, मावशींनाच बोलायला लावून, ते काम झाले.

शेवटची विनंती माझ्यासारख्या गल्लीतल्या कारकुनांना: शिक्षक, ग्रामपंचायतीत काम करणारी पोरे, सेतू केंद्र चालवणारे. अर्ज भरून झाला की पावती छापून माणसाच्या हातात द्या आणि स्कॅन त्याच्या डोळ्यांदेखत पुसून टाका. रिसायकल बिनमधूनसुद्धा. पुढच्या खेपेला पुन्हा स्कॅन करावे लागेल, लोक कुरकुरतील. कुरकुरू द्या.