पडदा गेमसाठी थांबतो तेव्हा

ईट, भूमकडच्या, कॉम्प्युटरवर गाड्या पळवणाऱ्या पोरांनी जरा इकडे कान द्यावा. साधा पडदा सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदाला एकदा. पण वळणावर धुरळा उडाला की गेम 45 चित्रांवर घसरतो. मग एखादं चित्र दोनदा दिसतं, गाडी अडखळते; नाहीतर वर जुनं, खाली नवं चित्र येऊन पडदा आडवा फाटल्यासारखा दिसतो. बदलत्या रिफ्रेश रेटचा, म्हणजे चित्र बदलण्याचा वेग कमीजास्त करणारा पडदा पुढचं चित्र तयार होईपर्यंत थांबतो. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने 2013 मध्ये यासाठीच जी-सिंक जाहीर केलं, एएमडीचं फ्रीसिंक मागोमाग आलं. यानं चित्रांची संख्या मात्र वाढत नाही, बरं का! मॉनिटर घेताना सेकंदाला किती कमी चित्रांपर्यंत तो असा थांबू शकतो, ही खालची मर्यादा विचारा, आणि घरी आणल्यावर सेटिंगमध्ये ही सोय चालू करायला विसरू नका.