मावळच्या मातीत आंबा

(तळेगाव दाभाडे येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आंब्यावर बोलायला कोकणातला माणूस बोलवायला हवा होता, असे काहींच्या मनात असेल. पण कोकणाचा हापूस तरी मूळचा कोकणातला कुठे? पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमे बांधली गेली आणि तिथून तो वर सरकला. आज डिसेंबरच्या सुमारास वाशीच्या बाजारात मलावीचा हापूस येतो, तो आपल्याकडून नेलेल्या कलमांवरचाच. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे, म्हणून आपल्याकडे मोहोर फुटायच्या दिवसांत तिथे पाड लागतो. तेव्हा आंबा गाव बदलतो. प्रश्न आहे तो हवामानाचा.

मावळात अडचणी दोन. पौष-माघात रात्री पारा आठ-दहा अंशांवर येतो. मोहोर फुलताना रात्र पंधरा अंशांखाली राहिली की परागीकरण बिघडते. फळ धरले तरी कोयीविना खुरटे राहून गळते. दुसरी अडचण पावसाची. आपल्या उंचीवर आंबा कोकणापेक्षा उशिरा तयार होतो, आणि तोवर वळीव गाठतो. पाऊस पडला की फळमाशी आलीच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा फळे पक्व होण्याआधीच टांगायचा असतो. अळ्या दिसल्यावर टांगणारे बरेच आहेत.

म्हणून माझे स्पष्ट मत : मावळात हापूसच्या मागे लागू नका. त्याला एका आड एक वर्ष फळ, वर साक्याची, म्हणजे गर आतून खराब होण्याची, भीती. शिवाय 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. नावाचा भाव आपल्याला मिळणार नाही. केसर लावा. तो जुनागढचा, मराठवाड्याने आपलासा केला आणि त्यावर मानांकनही मिळवले. धरतो जास्त नियमाने, साका होत नाही.

लावण्याची पद्धत मात्र नीट समजून घ्या. रोपवाटिकेतले पिशवीतले कलम डोंगरउतारावर लावले की पिशवीत वेटोळे झालेले मूळ खोल जात नाही. त्याऐवजी पावसाळ्याच्या तोंडावर खड्ड्यातच रायवळची ताजी कोय पेरा. तिचे सोटमूळ मुरमातून वाट काढते. खोड पेन्सिलीएवढे झाले, कोवळी तांबूस फूट आली, की जागेवरच त्यावर केसरची काडी बांधायची. याला मृदुकाष्ठ कलम म्हणतात. फळाला एखादे वर्ष जास्त लागेल, पण उन्हाळ्यात टँकर लागणार नाही. अंतर पूर्वी दहा बाय दहा मीटर ठेवत, म्हणजे हेक्टरी शंभर झाडे. आता पाच बाय पाचवर चारशे लावतात. लावा, पण दरवर्षी छाटणी करणार असाल तरच. नाहीतर दहा वर्षांत बागेत ऊन शिरणार नाही. हरितगृहातला गुलाब शिकलेल्या तालुक्याला छाटणी अवघड जाऊ नये.

आता आरोग्य. यात जातीचा मोठेपणा फारसा चालत नाही. शंभर ग्रॅम गरात साधारण 36 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, प्रौढाच्या रोजच्या गरजेच्या जवळजवळ निम्मे. कैरीत ते आणखी जास्त. केशरी रंग बीटा-कॅरोटीनचा, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. पण हे कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषले जाते. आमरसावर तुपाची धार धरणाऱ्या आजीला हे कोणी शिकवले नव्हते. रस गाळू मात्र नका, तंतू तिथेच जातात.

मधुमेहींनी मला दरवेळी विचारावे आणि मी दरवेळी तेच सांगावे! शंभर ग्रॅम गरात 15 ग्रॅम कर्बोदके, बहुतेक साखरच. दोन फोडी खायच्या तर त्या जेवणातली एक पोळी कमी करा, आणि आपल्या डॉक्टरांना विचारून. वाटीभर रस, वर पुरी आणि मग दुपारची झोप, यात आंब्याचा दोष काय?

कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन वायूला ठरावीक प्रमाणात परवानगी आहे. घरच्या झाडाला यातले काहीच नको. देठ बोटभर ठेवून, चीक फळावर सांडू न देता उतरवा आणि आढी घाला. आठवड्याभरात आंबा तयार होतो, आणि इंद्रायणी तांदळाच्या तालुक्यात आढीसाठी पेंढा काही विकत आणावा लागत नाही.