लाटा नसतील तेव्हा



१९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं ते हवाईच्या ड्यूक कहानामोकू यांनी. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियाला सर्फिंगची गोडी लावली तीही त्यांनीच. एक अव्वल पोहणारा सर्फिंगचा आद्य प्रचारक झाला, यात नवल काहीच नाही.

कारण छायाचित्रात दिसतो तो लाटेवर उभा असलेला सर्फर. प्रत्यक्षात हा थाट काही सेकंदांचाच. संशोधकांनी स्पर्धांमधल्या सर्फरांचा वेळ मोजला, तेव्हा निम्मा वेळ फळीवर पालथं पडून हातांनी पाणी ओढण्यात गेलेला दिसला. लाटेवर स्वारी जेमतेम ४ ते ८ टक्के. बाकीचा बराच वेळ लाटेची वाट पाहण्यात.

म्हणजे पुण्या-नागपुरात राहणाऱ्याला, किंवा पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणून गोव्यात घरी बसलेल्याला, या खेळाची बरीचशी तयारी पोहण्याच्या तलावात आणि घरातल्या सतरंजीवर करता येते.

पहिलं काम खांद्यांचं. तलावाची एक लांबी जोरात पोहायची, थोडा दम खायचा, पुन्हा निघायचं. समुद्रातही असंच सुटं सुटं, झटक्याचं पोहणं लागतं. मात्र फळीवर छाती उचललेली आणि नजर समोर असते, त्यामुळे मान आणि कंबर जास्त भरून येते. त्यासाठी भुजंगासन आणि शलभासन उत्तम. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून तो स्वतःकडे ओढला, की खांद्यांची मागची बाजूही तयार होते.

दुसरं काम उठण्याचं. सर्फर याला पॉप-अप म्हणतात. पालथं पडायचं, तळवे बरगड्यांजवळ टेकवायचे, दंड मारताना वर यावं तसं शरीर उचलायचं आणि त्याच झटक्यात दोन्ही पाय खाली घ्यायचे. पुढचं पाऊल दोन हातांच्या मध्ये, मागचं आडवं, गुडघे वाकलेले. गुडघा जमिनीला टेकला, तर तो प्रयत्न बाद!

तोलासाठी स्केटबोर्ड आहेच. तोही १९५०च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या सर्फरांमध्येच रुजला. लाटा नसल्या की ही मंडळी चाकं लावलेल्या फळीवरून रस्त्यावर घसरत.

राहिला दम. तो वाढवायला हवाईचे मोठ्या लाटांवरचे सर्फर श्वास रोखून, जड दगड उचलून समुद्राच्या तळावर चालतात, धावतात. हे पाहून कुणी घाईघाईने अनुकरण करू नये. पाण्यात जाण्याआधी भराभर श्वास घेतले, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते. तोवर ऑक्सिजन संपून माणूस कसलीही चाहूल न लागता बेशुद्ध पडतो, अगदी कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा.

तेव्हा श्रोतेहो, दंड, आसनं एकट्यानं खुशाल करा. पाण्याखाली श्वास रोखण्याचा सराव मात्र प्रशिक्षक शेजारी असल्याशिवाय करू नका.