भिंग पुसण्यापूर्वी

वस्तू स्वच्छ ठेवावी हा संस्कार आपल्या घरांतून लहानपणापासूनच रुजलेला असतो. सकाळी केर काढावा, भांडी घासून लखलखीत करावी, देव्हाऱ्यातील समई चिंचेने उजळावी. जितके घासावे तितके उजळावे, हा पितळेचा धर्म आहे. कॅमेऱ्याच्या भिंगाचा धर्म मात्र याच्या अगदी उलट. त्याला जितके कमी घासावे तितके त्याचे आयुष्य अधिक. पुष्कळ भिंगे वापराने झिजत नाहीत. ती मालकाच्या स्वच्छतेच्या हौसेला बळी पडतात. आणि भिंगावर एकदा उमटलेला ओरखडा घरगुती उपायांनी कधीच पुसला जात नाही.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रथम धुळीचा विचार केला पाहिजे. धूळ दिसावयास मऊ असते, परंतु तिच्यात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, सूक्ष्म कण असतात. खनिजांचे काठिण्य मोजण्याची १ ते १० अशी एक श्रेणी आहे. तीत हिरा १० वर असतो, क्वार्ट्‌झ ७ वर आणि सामान्य काच ५ ते ६ च्या दरम्यान. अधिक कठीण पदार्थ कमी कठीण पदार्थावर ओरखडा काढतो, हा तर साधा नियम आहे. तेव्हा राजस्थानातील वाळू असो की देशावरील उन्हाळी वाऱ्याबरोबर आलेली धूळ असो, ती भिंगावर असताना रुमाल फिरविणे म्हणजे काचेवर कानशीच चालविणे होय. रुमाल कितीही तलम असला तरी कण तलम होत नाहीत.

दुसरी गोष्ट लेपाची. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. भिंगात एकापुढे एक अशा चार सुट्या काचा असतील, तर पृष्ठे आठ होतात आणि जवळजवळ २८ टक्के प्रकाश वाटेतच गळतो. शिवाय हा परतलेला प्रकाश आतल्या आत भटकत राहून चित्रावर पांढुरकी छटा आणतो, ती हानी वेगळीच. यावरचा उपाय एका योगायोगातून सुचला. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे भिंगांची रचना करणारे हॅरल्ड डेनिस टेलर यांना १८९२ साली असे आढळले की, काळाच्या ओघात डागाळलेली जुनी भिंगे नव्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात. ज्याला जग मळ समजत होते तेच त्या भिंगाचे भूषण होते! पुढे १९३५ साली जर्मनीत झाइस कंपनीतील शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पोकळीत काचेवर पातळ लेप बसविण्याची पद्धत सिद्ध केली. आजच्या भिंगावर जी जांभळट वा हिरवट झाक दिसते, ती अशा लेपांचीच. एका लेपाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते. इतक्या नाजूक आवरणाशी हात किती हलका हवा, हे निराळे सांगावयास नको.

मग भिंग कधीच साफ करू नये काय? तसे नव्हे, येथे तारतम्य हवे. पुढच्या काचेवर बसलेले धुळीचे दोनचार कण चित्रात सहसा उमटतच नाहीत, कारण भिंगाची दृष्टी दूरच्या वस्तूवर खिळलेली असते आणि इतक्या जवळचा कण तिला स्पष्ट दिसत नाही. अशा कणांसाठी कापड हाती घेण्याचे कारण नाही. बोटाच्या ठशाची गोष्ट मात्र वेगळी. त्यात तेल, घाम आणि क्षार असतात. त्यांनी प्रकाश पसरतो, चित्र फिकट येते आणि ठसा फार दिवस तसाच राहिला तर लेपालाही अपाय होऊ शकतो. म्हणून धुळीच्या बाबतीत धीर धरावा. ठशाच्या बाबतीत विलंब करू नये.

साफ करण्याचा क्रम मात्र चुकवू नये. प्रथम रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी. त्या वेळी भिंगाचे तोंड खाली असावे, म्हणजे सुटलेले कण पुन्हा त्यावर बसत नाहीत. तोंडाने फुंकर घालू नये. तिच्याबरोबर थुंकीचे तुषार जातात. चिकटून राहिलेले कण मऊ केसांच्या कुंचल्याने हलकेच झटकावे. त्या केसांना बोट लावू नये, नाहीतर बोटाचे तेल कुंचल्यावाटे भिंगावर येते. एवढे झाल्यावरही डाग उरला, तरच भिंगासाठी मिळणारा कागद किंवा धुतलेले तलम मायक्रोफायबर कापड घ्यावे. भिंगासाठीच्या द्रवाचे एकदोन थेंब कापडावर घ्यावेत. ते भिंगावर कधीही टाकू नयेत, कारण कडेच्या फटीतून द्रव आत उतरतो आणि मग भिंग उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मध्यापासून कडेकडे, गोलाकार, दाब न देता पुसावे आणि कागद एकदा वापरला की टाकून द्यावा. सदऱ्याचे टोक, पदर, वर्तमानपत्राचा बोळा, काचेची तावदाने पुसण्याचे द्रव यांतले काहीही भिंगाजवळ आणू नये.

भिंगाचा आणखी एक शत्रू आहे, आणि तो बाहेरून पुसून जाणारा नाही. मुंबई, कोकण, गोवा, कलकत्ता, आसाम अशा दमट प्रदेशांत राहणाऱ्यांना त्याचा परिचय असतोच. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की भिंगाच्या आतील काचांवर बुरशी धरू लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतू पसरतात आणि त्यांतून स्रवणारी आम्ले लेपाला, पुढे काचेलाही खातात. मग बुरशी काढली तरी तिची खूण राहते. कातडी पेटीत जपून ठेवलेल्या भिंगालाच हा रोग पुष्कळदा जडतो, कारण कातडे ओल धरून ठेवते. पावसाळ्यात भिंग हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे आणि पुडी वेळोवेळी तापवून कोरडी करावी. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली म्हणजे पुरे. अधूनमधून कॅमेरा बाहेर काढून वापरणे, हाही एक उत्तम उपाय आहे. आत बुरशी दिसलीच, तर घरी पेचकस हाती न घेता ते काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

भिंगाची खरी निगा स्वच्छतेपेक्षा संरक्षणात आहे. काम संपताच झाकण लावणे, बोटे काचेपासून दूर ठेवणे आणि भिंग ओलीपासून वाचविणे, एवढे साधले तर पुसण्याची वेळ वर्षातून क्वचितच येते. ती आलीच, तर आधी पाहावे, मग हवा मारावी, मग कुंचला फिरवावा. आणि स्पर्श अगदी शेवटी, तोही गरज उरली असेल तरच.