पुस्तक मिटा, तीन ओळी लिहा

मुलांच्या पुस्तकात धड्यामागे कोरी पानं असायची, आठवतात ना? २०२३-२४ पासून शाळेच्या पुस्तकांत ती आली, २०२५-२६ पासून गेली. मुलांनी शिकताना स्वतःच्या नोंदी कराव्यात, म्हणून ती होती. गटातल्या घरांतली पुस्तकं आम्ही चाळली, तर बरीच पानं कोरीच. काहींवर फळ्यावरची उत्तरं उतरवलेली. पानं गेली म्हणून अडत नाही, साधी वही पुरते.

आपली मुलं घडाघडा वाचतात. काय वाचलंस विचारलं की गप्प! उद्या हीच मुलं कर्जाचे कागद असेच वाचून सही करतील, ही आमची खरी काळजी.

शिरढोण आपल्याच पनवेल तालुक्यातलं. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके तिथे १८४५ साली जन्मले. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. आई आजारी असताना वेळेवर रजा मिळाली नाही, शेवटची भेट हुकली. पुढे त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, १८८३ साली एडनच्या तुरुंगात गेले. हा उतारा आम्ही मुलांना वाचायला दिला. जन्म कुठे, मृत्यू कुठे, सगळ्यांनी पटापट सांगितलं.

मग पुस्तकं मिटायला लावली. पाच मिनिटं, तीन ओळी: काय घडलं, मनात काय राहिलं, काय विचारावंसं वाटतं. एका मुलीनं लिहिलं, आजी आजारी होती तेव्हा पप्पांनाही कंपनीतून सुट्टी मिळाली नव्हती. खाली प्रश्न: रजा न देणारा साहेब कोण? आणि कुणी न सांगता तिनं उतारा पुन्हा उघडला. उत्तर त्यात नव्हतं, पण यावेळी ती थांबून थांबून वाचत होती.

घरी करायला अवघड नाही. ज्या बायांना वाचता येत नाही, त्यांनी मुलाकडून त्या ओळी वाचून घ्याव्यात आणि "असं का वाटलं रे?" एवढंच विचारावं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढू नका, आगरी शब्द आला तर येऊ द्या. लाल पेन दिसला की मूल गाइडमधलं वाक्य उतरवतं. आणि रोज नको, कंटाळतात. आठवड्यातून दोनदा बस.

पुढच्या बैठकीला हप्त्याच्या पासबुकाबरोबर मुलांच्या वह्याही आणा. हिशेब झाला की दोन-चार वाचू.