उद्योजकाला सोबत हवी



नवा उद्योग भांडवलाअभावी बुडतो, असे आपण मानतो. पण एकाकीपणामुळेही तो खचतो. नायजेरियातील लागोस शहरात बोसुन टिजानी या तरुण उद्योजकाने हे ओळखले. २०११ साली त्यांनी सहकाऱ्यासमवेत याबा भागात ‘को-क्रिएशन हब’ हे केंद्र उघडले. वीज वारंवार खंडित होणाऱ्या त्या शहरात नवउद्योजकांना बसायला जागा, इंटरनेट, जाणत्यांचा सल्ला आणि समदुःखी सोबती एकाच छपराखाली लाभले. सरकारी अर्थसंकल्प सामान्यांना उलगडून सांगणारी ‘बजिट’ ही संस्था तेथेच अंकुरली. २०१९ मध्ये या केंद्राने नैरोबीचे ‘आयहब’ही आपल्या पंखाखाली घेतले.

आपल्या गावांतही होतकरू तरुण आहेत. ग्रामपंचायतीची एखादी रिकामी खोली आणि जाणत्यांची आठवड्यातील एक संध्याकाळ आपण त्यांना देऊ शकणार नाही काय?