चिंचोके, विसा आणि आणे : वडीलधाऱ्यांसाठी आकड्यांचे खेळ
(मेळघाटातील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण गावात जातो तेव्हा बाळाचे वजन पाहतो, गरोदर बाईची विचारपूस करतो. ओसरीवर बसलेल्या आजीला मात्र "बरं आहे ना?" एवढेच विचारून पुढे जातो. आज मला तिच्याबद्दल बोलायचे आहे.

आजी शाळेत गेली नाही, म्हणून तिला हिशेब येत नाही, असे घरचेही मानतात. हे खरे नाही. कुटकी पायलीने मापून तिने वर्षभर घर चालवले आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, आणि त्या कुळात विसाच्या पटीने मोजण्याची जुनी रीत आहे. तीन विसा आणि पाच म्हणजे पासष्ट. हा हिशेब अक्षरओळखीवाचून होतो. हाताशी असलेले हे ज्ञान वापरात राहावे, एवढाच आपला हेतू.

काही सोपे खेळ सांगतो. यांना खर्च काहीच नाही.

पहिला खेळ चिंचोक्यांचा. वीस चिंचोके मोजून ठेवा. काही वाटीखाली झाका आणि उरलेले दाखवून विचारा, "वाटीखाली किती?" मग आजींना झाकू द्या आणि तुम्ही उत्तर द्या. पाळी दोघांची असली की खेळ होतो, नाहीतर ती परीक्षा होते.

दुसरा आण्यांचा. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे होते. पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसांनी लहानपणी ते हाताळले आहेत. "रुपया दिला, सहा आण्यांचं मीठ घेतलं, परत किती?" उत्तर दहा आणे. पण त्यासोबत त्या काळच्या बाजाराची गोष्टही निघते, आणि नातवंडे ऐकत बसतात.

तिसरा आठवडी बाजाराचा. मिरची वीस रुपये, मीठ पंधरा, तेल चाळीस. शंभराची नोट दिली तर किती उरले? आधी तीन वस्तू घ्या, जमले की पाच करा. थोड्या वेळाने विचारा, "आपण काय काय घेतलं होतं?"

चौथा चालता चालता करायचा. विसापासून उलटे मोजत अंगणात फेऱ्या माराव्यात, मग दोन-दोन सोडून. तोल जात असेल तर मात्र बसूनच.

पाचवा दिवसांचा. बाजार परवा, तर आज वार कोणता? होळीला किती दिवस राहिले?

हे करताना चार गोष्टी सांभाळा. त्यांच्याच बोलीत बोला. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. चुकले तर सुनेसमोर, नातवंडांसमोर हसू नका. आणि आधी पाहा की त्यांना नीट दिसते का, ऐकू येते का. पुष्कळदा बुद्धी शाबूत असते, प्रश्नच कानापर्यंत पोहोचलेला नसतो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या खेळांनी विसराळूपणाचा आजार बरा होतो, असे कुणालाही सांगू नका. अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्या २,८३२ जणांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ज्या कौशल्याचा सराव केला ते सुधारले; पण रोजच्या इतर कामांत लगेच तसा फरक दिसला नाही. म्हणून खेळाबरोबर रक्तदाब तपासणे, तंबाखू सोडवणे, कान-डोळ्यांवर उपचार आणि माणसांत मिसळणे हेही हवेच.

खेळताना तुमच्या एक गोष्ट लक्षात येईल. कालपर्यंत बरोबर मोजणारे आजोबा एक-दोन दिवसांत गोंधळले, भलतेच बोलू लागले, तर ते म्हातारपण समजू नका. ताप, अंगातले पाणी कमी होणे, साखर उतरणे अशी कारणे असू शकतात. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. घरचे भुमकाकडे जात असतील तर त्यांच्याशी भांडू नका, पण दवाखान्याला उशीर होऊ देऊ नका. आणि महिनोन्‌महिने हळूहळू ओळखीचे पैसे मोजता येईनासे झाले, घरची वाट चुकू लागली, तरीही डॉक्टरांना दाखवाच.

शेवटी पैशाचेच सांगतो. निराधाराचे मानधन आले की मुलगा अंगठा लावून घेतो आणि पैसे स्वतःच मोजतो. त्याला म्हणा, आधी आईच्या हातात दे. तिला मोजू दे, वेळ लागला तरी लागू दे. जिला स्वतःचे पैसे मोजता येतात तिला कुणी सहज फसवत नाही, आणि घरात तिचा शब्दही राहतो.

पुढच्या भेटीत प्रत्येकाने एकाच घरी, एकाच आजी-आजोबांपाशी बसावे. खिशात वीस चिंचोके ठेवा, एवढे पुरे.